अंतिम म्हणजे कितपत अंतिम?

ऑस्ट्रेलियात आसरा मागणारा माणूस न्यायालयाच्या दारात पोहोचला की त्याचे नाव मागे राहते आणि क्रमांक पुढे होतो. संरक्षण व्हिसाच्या अर्जदाराचे नाव न्यायालयांनी प्रसिद्ध करू नये, असे एक कलम २००१ साली तिथल्या स्थलांतर कायद्यात आले. ज्यांच्या भीतीने माणूस पळाला त्यांना तो कुठे आहे आणि काय सांगतो आहे, हे निकालपत्रातून कळू नये हा त्याचा हेतू आहे, आणि तो रास्त आहे. पण त्यामुळे त्या देशाच्या घटनात्मक कायद्यातले कित्येक मोठे निकाल आज गोदामातल्या पेट्यांवरच्या खुणांसारखे ओळखले जातात: एस १५७, एम ६१, एम ७०, एसझेडबीईएल, एनझेडवायक्यू. ‘एस’ म्हणजे सिडनीच्या कार्यालयात दाखल झालेला खटला, ‘एम’ म्हणजे मेलबर्नच्या. यांतला एस १५७, म्हणजे २००२ सालचा सिडनीचा एकशे सत्तावन्नावा, ४ फेब्रुवारी २००३ रोजी निकाली निघाला. निकाल देणारे हाय कोर्ट हे तिथले सर्वोच्च न्यायालय. नावावरून मुंबईच्या उच्च न्यायालयाशी त्याची गल्लत करू नये. अर्जदाराची तक्रार साधी होती. आपल्या विरोधात जाणारी माहिती न्यायाधिकरणाने विचारात घेतली, पण ती आपल्याला दाखवली नाही आणि उत्तर द्यायची संधीही दिली नाही. अडचण अशी की ही तक्रार ऐकण्याचीच न्यायालयाला बंदी होती. अशा निर्णयाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे संसदेने सोळा महिन्यांपूर्वी लिहून ठेवले होते.

त्या बंदीचा, तिच्या आधीच्या प्रयत्नांचा आणि नंतरच्या पळवाटांचा इतिहास सहसा दोन पद्धतींनी सांगितला जातो. एका पद्धतीत दयाळू न्यायाधीश कठोर सरकारपासून निर्वासितांना वाचवतात. दुसरीत न निवडलेले न्यायाधीश जनतेने निवडलेल्या सरकारच्या हातातून देशाची सीमा काढून घेतात. दोन्ही कथा गोष्ट म्हणून चांगल्या आहेत आणि पुरावा पाहिला तर दोन्ही लंगड्या पडतात. ऑस्ट्रेलियन न्यायालयांनी जवळजवळ कुणालाच आसरा दिलेला नाही; तो अधिकार त्यांच्याकडे नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही. त्यांनी राखली ती एकच गोष्ट: कायद्याने अधिकाऱ्याला जितका अधिकार दिला आहे त्याच्या बाहेर तो गेला का, हे तपासण्याची शेवटची जागा. आणि ही जागा घट्ट झाली ती न्यायाधीशांच्या महत्त्वाकांक्षेमुळे नव्हे, तर ती बंद करण्याच्या सरकारच्या हट्टामुळे. दर वेळी भिंत वर चढवताना पाया उकरला गेला, आणि खाली १९०१ सालचा खडक लागला.

त्या खडकाची हकीकत थोडी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन संघराज्याची घटना लिहीत होत्या, तेव्हा टास्मानियाचे अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांनी अमेरिकेतल्या ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ या १८०३ सालच्या निकालाचा बारकाईने अभ्यास केला होता. तिथे न्यायालयाने अर्जदाराचा हक्क मान्य केला, पण अधिकाऱ्याला आज्ञा देणारे रिट थेट आपल्याकडे मागण्याची सोय घटनेत नाही म्हणून त्याला रिकाम्या हाताने पाठवले. आपल्याकडे असे होऊ नये म्हणून क्लार्क यांनी मसुद्यात एक ओळ घातली: संघराज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध मँडॅमस, म्हणजे कर्तव्य करायला लावणारा आदेश, किंवा प्रोहिबिशन, म्हणजे अधिकाराबाहेरचे काम थांबवणारा आदेश मागितला, तर हाय कोर्टाला तो थेट देता येईल. १८९८ च्या मेलबर्न अधिवेशनात ही ओळ अनावश्यक म्हणून वगळली गेली होती. क्लार्क यांनी अधिवेशनाचे नेते एडमंड बार्टन यांच्या ते लक्षात आणून दिले, बार्टन यांनी ती परत आणली आणि सोबत मनाई हुकूमही जोडला. घटनेच्या ७५ व्या कलमाचे हे पाचवे उपकलम पुढे बराच काळ फारसे कुणाच्या चर्चेत नव्हते. शंभर वर्षांनी त्याच्यावर एवढा भार येईल, असे ते परत घालणाऱ्यांना वाटले असण्याची शक्यता कमी.

घटनेत लिहिलेल्या रिटाचे मोल किती, हे मुंबई इलाख्याचा इतिहास जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. १८२८ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने पुण्यातल्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला हजर करण्याचे रिट काढले. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी ते पुण्यात बजावू दिले नाही. सहकारी न्यायाधीश वारल्यामुळे एकटे उरलेले सर जॉन ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद करून टाकले. पण त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने कौल सरकारच्या बाजूने दिला: पुण्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकारच त्या कोर्टाला दिलेला नव्हता. ग्रँट यांचा बाणेदारपणा खरा, पण सनदेत जे नाही ते बाणेदारपणाने आणता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यायाधीशांपाशी ग्रँट यांच्याइतका आवेश क्वचितच दिसला. त्यांच्यापाशी एक ओळ होती.

नव्या संघराज्याने १९०१ सालीच गोरेतरांना रोखणारा स्थलांतर कायदा केला. त्यातले हत्यार होते श्रुतलेखनाची परीक्षा: अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्द लिहून दाखवा. भारतीयांना आणि चिन्यांना बाहेर ठेवण्यासाठी योजलेली ही युक्ती १९३४ मध्ये एगॉन किश या नाझीविरोधी लेखकावर वापरली गेली. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. हाय कोर्टाने ती परीक्षा अमान्य केली: कायद्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने ती युरोपीय भाषाच नव्हे. स्कॉटिश मंडळी या निकालावर बरीच चिडली. पण न्यायालयाने परीक्षा अन्यायकारक आहे असे म्हटले नाही, गोऱ्यांचा देश हे धोरणही चूक ठरवले नाही. कायद्याने एक चौकट दिली होती आणि अधिकारी तिच्या बाहेर गेला, इतकेच म्हटले. पुढच्या नव्वद वर्षांचे सूत्र त्या विनोदी वाटणाऱ्या निकालात आहे, त्याच्या मर्यादेसकट.

निर्वासितविषयक १९५१ च्या करारात ऑस्ट्रेलिया जानेवारी १९५४ मध्ये सामील झाला. तो सामील झालेला सहावा देश, आणि सहाव्या देशाच्या संमतीने करार अंमलात यायचा होता. तरीही कोण निर्वासित आणि कोण नाही, हे पुढे तीन दशके खात्यातल्या फायलींवरच ठरत राहिले. १९७७ च्या कायद्याने सरकारी निर्णयांना फेडरल कोर्टात आव्हान देण्याची आणि निर्णयाची कारणे लेखी मागण्याची सोय झाली. १९८५ मध्ये हाय कोर्टाने निर्वासितपणाचा निर्णयही याच सोयीत बसवला. कारणे लिहावी लागणे ही गोष्ट वाटते त्याहून मोठी होती. लिहिलेले कारण वाचता येते, आणि वाचता आले की त्यातली चूक दिसते. १९८९ मध्ये एका चिनी अर्जदाराच्या खटल्यात न्यायालयाला अशीच चूक दिसली: खात्याने छळाच्या शक्यतेची कसोटी फार कडक लावली होती. भीती साधार असायला छळ होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असावी लागत नाही, खरीखुरी शक्यता पुरते, असे न्यायालय म्हणाले. न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांनी तर दहा टक्के शक्यताही पुरेशी असू शकते असे लिहिले. ज्याला परत पाठवायचे त्याच्या बाबतीत दहात एक म्हणजे काय, हे त्याच्या जागी उभे राहून मोजायचे आहे.

त्याच १९८९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. तिआनमेन चौकातल्या गोळीबारानंतर पंतप्रधान बॉब हॉक यांनी डोळ्यांत पाणी आणून चिनी विद्यार्थ्यांना राहू दिले, आणि वर्षाअखेरीस कंबोडियातून माणसांनी भरलेली एक होडी उत्तर किनाऱ्याला लागली. विद्यार्थी विमानाने आले होते. होडीवाल्यांना कोठडी मिळाली. एप्रिल १९९२ मध्ये त्यांचे अर्ज फेटाळणारे निर्णय फेडरल कोर्टात रद्द झाले आणि फेरविचारासाठी परत गेले. सुटकेच्या मागणीवर ७ मे रोजी सुनावणी व्हायची होती. ५ मे रोजी संसदेने, त्यात दोन्ही मोठे पक्ष एकत्र, नवा कायदा केला: अशा माणसांना कोठडीत ठेवणे बंधनकारक, आणि न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश द्यायचा नाही. डिसेंबर १९९२ मध्ये हाय कोर्टाने कोठडी वैध ठरवली, पण सुटकेला मनाई करणारे ते कलम रद्द केले. कोठडीला तेव्हा २७३ दिवसांची कमाल मर्यादा होती. ती पुढे कायद्यातून निघून गेली. म्हणजे ज्या निकालाला सरकारचा पराभव म्हटले जाते त्यात सरकारने कोठडी जिंकली. हरले ते एकच वाक्य, आणि ते न्यायालयाला उद्देशून होते.

यानंतर अंमलात आलेली चाल अधिक हुशार होती. १९९३ मध्ये निर्वासित पुनर्विचार न्यायाधिकरण स्थापन झाले, आणि १ सप्टेंबर १९९४ पासून ‘संरक्षण व्हिसा’ हा शब्दप्रयोग आणि नवी यंत्रणा लागू झाली. आधी खात्याचा अधिकारी ठरवणार. नकार आल्यास न्यायाधिकरण सगळे प्रकरण नव्याने पाहणार. त्यानंतर न्यायालय, पण तिथे फक्त कायद्याचा प्रश्न. यात गैर काही नाही. मात्र याच बदलात फेडरल कोर्टाला दिलेली कारणांची यादी कातरली गेली. नैसर्गिक न्याय डावलला, निर्णय कमालीचा अविवेकी आहे, गैरलागू गोष्टी विचारात घेतल्या, या तक्रारी त्या कोर्टाने ऐकायच्या नाहीत असे ठरले. १९९९ मध्ये हाय कोर्टाने चार विरुद्ध तीन अशा मताने ही कातरणी वैध मानली: फेडरल कोर्ट संसदेने निर्माण केले, त्याचे अधिकार संसद कमी करू शकते. पण क्लार्क यांची ओळ संसदेची नव्हती. ती बदलायला सार्वमत लागते, आणि देशभरातल्या बहुमताबरोबर बहुसंख्य राज्यांतही बहुमत लागते; आजवर मांडलेल्या ४५ घटनादुरुस्त्यांपैकी फक्त ८ मंजूर झाल्या आहेत. तेव्हा खालच्या कोर्टात जे बोलता येत नव्हते ते बोलायला माणसे थेट देशातल्या सर्वोच्च न्यायालयात येऊ लागली. मॅकह्यू यांनी २००० साली एका निकालातच तक्रार केली की या अर्जांच्या भाराने न्यायालयाचे मुख्य काम अडते आहे. पाणी अडवायला नाल्यावर बांध घातला आणि ते दिवाणखान्यात शिरले, असा हा प्रकार होता.

मग ऑगस्ट २००१ उजाडला. इंडोनेशियातून निघालेली एक होडी बुडायला आली, आणि टाम्पा या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने २६ ऑगस्टला तिच्यावरच्या ४३३ आश्रयार्थींना वर घेतले. त्यांत बहुतेक अफगाण होते. कप्तान आर्ने रिनान यांनी जहाज ख्रिसमस बेटाकडे वळवले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने जहाजावर कमांडो चढवले. मेलबर्नच्या न्यायमूर्ती नॉर्थ यांनी या लोकांना मुख्य भूमीवर आणण्याचा आदेश ११ सप्टेंबर रोजी दिला. काही तासांनी न्यूयॉर्कमध्ये मनोरे कोसळले. सहा दिवसांनी फेडरल कोर्टाच्या मोठ्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो आदेश फिरवला. बहुमतात रॉबर्ट फ्रेंच होते. त्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. सप्टेंबर संपायच्या आत संसदेने एकाच दमात सहा कायदे मंजूर केले. काही बेटे ‘स्थलांतर क्षेत्रा’तून वगळली गेली, आणि स्थलांतर कायद्यात ४७४ वे कलम बसले: या कायद्याखाली दिलेला निर्णय अंतिम आणि निर्णायक असेल, त्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, त्यावर अपील, पुनर्विलोकन किंवा कोणतेही रिट चालणार नाही. रिटांची नावे एकेक करून लिहिली होती, जणू घराच्या प्रत्येक खिडकीवर फळी ठोकावी. १० नोव्हेंबरच्या निवडणुकीत जॉन हॉवर्ड यांचे सरकार परत निवडून आले.

स्थलांतरमंत्री फिलिप रडॉक स्वतः वकील होते आणि त्यांच्या सल्लागारांनी इतिहास वाचला होता. अशी कलमे जुनीच आहेत, आणि १९४५ साली हाय कोर्टाचे न्यायमूर्ती ओवेन डिक्सन यांनी कोळसा वाहणाऱ्या ट्रकचालकांच्या एका वादात त्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगून ठेवले होते: अधिकाऱ्याने प्रामाणिक प्रयत्न केला असेल, विषय कायद्याचाच असेल, आणि निर्णय त्या अधिकाराशी जोडता येण्यासारखा असेल, तर असे कलम त्याला वाचवू शकते. सरकारचा कयास असा की या तीन सैल अटींत जवळजवळ कोणताही निर्णय बसेल. ऑगस्ट २००२ मध्ये फेडरल कोर्टाच्या पाच जणांच्या पीठाने बहुमताने हे बरेचसे मान्यही केले. पण त्या १९४५ च्या खटल्यात शेवटी ट्रकवाल्यांनाच प्रोहिबिशन मिळाले होते, कारण कोळसा वाहणे म्हणजे कोळसा खणणे नव्हे. डिक्सन यांचे वाक्य सगळ्यांनी वाचले होते, निकालाकडे मात्र थोडे दुर्लक्ष झाले.

एस १५७ मध्ये सातही न्यायाधीश एकाच निष्कर्षाला आले. ४७४ वे कलम त्यांनी रद्द केले नाही. त्यांनी ते वाचले. कलम म्हणते, ‘या कायद्याखाली दिलेला निर्णय’. ज्या निर्णयात अधिकाराच्या मर्यादेचाच भंग आहे, उदाहरणार्थ समोरच्याची बाजू न ऐकता दिलेला, तो कायद्याच्या दृष्टीने त्या कायद्याखाली दिलेला निर्णयच नाही. मग कलमाचे संरक्षण कशाला मिळणार? आणि संसदेने याहून कडक शब्द लिहिले असते तर? तर ते क्लार्क यांच्या ओळीवर आपटले असते. मेरी गॉड्रन, मॅकह्यू, गमो, कर्बी आणि हेन या पाच जणांच्या संयुक्त निकालपत्राने ७५ व्या कलमाच्या त्या उपकलमाला न्यायालयीन पुनर्विलोकनाची घटनेत रुजलेली किमान तरतूद म्हटले. गॉड्रन या त्या कोर्टावर बसलेल्या पहिल्या स्त्री. त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायाधिकरणांवरची उच्च न्यायालयांची देखरेख काढून घेता येत नाही असे ठरवले तेव्हा तर्क वेगळा होता, घटनेच्या मूलभूत चौकटीचा. ऑस्ट्रेलियात अशी चौकट शोधावी लागली नाही, ओळच लिहिलेली होती.

लोकशाहीच्या नावाने घेतलेला आक्षेप इथे नीट पाहिला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. सीमा कुणासाठी उघडायची हे मतदारांनी ठरवायचे. २००१ च्या मतदारांनी ते स्पष्ट सांगितले. मग सात न्यायाधीशांनी शब्दांची कसरत करून त्याला वळसा घालावा का? त्याच दिवशी त्याच न्यायाधीशांनी दिलेला दुसरा निकाल, एस १३४, या आक्षेपाचे बरेचसे उत्तर आहे. त्यात एक आई आणि तिची पाच मुले होती. कुटुंबप्रमुखाला आधीच संरक्षण व्हिसा मिळालेला होता, आणि न्यायाधिकरणाने ती गोष्ट लक्षात घेतली नव्हती. बहुमताने, पाच विरुद्ध दोन, त्यांना न्यायालयातून रिकाम्या हाताने पाठवले, कारण यात अधिकाराच्या मर्यादेचा भंग झाला असे त्यांना दिसले नाही. सीमेचे धोरण बदलू पाहणारे न्यायाधीश पाच मुलांच्या आईला असे पाठवत नाहीत. मतदारांनी कडक कायदा मागितला आणि तो त्यांना मिळाला. न्यायालयाने एवढेच म्हटले की कायदा कडक असला तरी तो कायद्याप्रमाणेच राबवला पाहिजे, आणि स्वतःच्या अधिकाराची हद्द अधिकाऱ्याने स्वतः मोजायची नाही. शिवाय ती ओळसुद्धा मतदारांचीच: घटनेचा मसुदा वसाहतींमधल्या लोकांनी मतदानाने स्वीकारला होता. ते मतदार मेले म्हणून त्यांचे मत बाद होत नाही. बाद करायचे तर सार्वमताची वाट आहे, आणि एकाही सरकारने तिकडे पाऊल टाकले नाही.

नंतरचे निकाल याच चौकटीत वाचले तर समजतात. २००६ च्या एसझेडबीईएलमध्ये जहाजावरून उतरलेला एक इराणी खलाशी होता. ख्रिस्ती धर्माकडे आपण वळलो आणि ते जहाजाच्या कप्तानाला कळले, म्हणून परतणे धोक्याचे, असे त्याचे म्हणणे. न्यायाधिकरणाने त्याच्या हकिकतीतल्या ज्या बाबी अविश्वसनीय ठरवल्या, त्यांतल्या काहींवर खात्याने आधी बोट ठेवलेले नव्हते, आणि सुनावणीत त्याला त्याबद्दल कुणी धड विचारलेही नव्हते. ज्या मुद्द्यावर माणूस हरणार आहे तो मुद्दा त्याला आधी सांगा, एवढेच न्यायालय म्हणाले. २००७ मध्ये ८४ दिवसांची अशी कठोर कालमर्यादा रद्द झाली, जिच्यापुढे कोणतेही कारण चालत नव्हते. त्या अर्जदाराला एका दिवसाचा उशीर झाला होता. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये एम ६१. ख्रिसमस बेटावर पोहोचलेल्यांना नेहमीची यंत्रणा लागू नव्हती. त्यांना मिळालेल्या नकाराची पडताळणी कंत्राटदार कंपनीने पुरवलेली माणसे करत. सरकारचे म्हणणे, ही माणसे संघराज्याचे अधिकारी नाहीत आणि त्यांचे मत हा कायद्याखालचा निर्णय नाही, म्हणून क्लार्क यांच्या ओळीत ते बसत नाही. हाय कोर्टाने एकमताने विचारले की मग या लोकांना कोठडीत कोणत्या कायद्याने ठेवले आहे? मंत्र्याने व्हिसाचा विचार करायचा की नाही हे ठरवण्यासाठी चौकशी चालू आहे, हाच कोठडीचा आधार असेल, तर चौकशीही कायद्याप्रमाणे आणि न्याय्य पद्धतीने व्हायला हवी. दोन्ही तमिळ अर्जदारांच्या बाबतीत ती तशी झाली नव्हती. सरन्यायाधीश तेव्हा रॉबर्ट फ्रेंच होते.

एम ७० मध्ये तर प्रकरण मजूर पक्षाच्या सरकारवर उलटले. जुलै २०११ मध्ये ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने मलेशियाशी करार केला: होडीने येणारे ८०० जण मलेशियाला पाठवायचे आणि तिथले ४००० मान्यताप्राप्त निर्वासित ऑस्ट्रेलियाने घ्यायचे. मलेशिया निर्वासित कराराचा सदस्य नाही, आणि आश्रयार्थींना संरक्षण देण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन त्याने स्वीकारलेले नव्हते. कायदा सांगत होता की ज्या देशात पाठवायचे तिथे विशिष्ट प्रकारचे संरक्षण आहे असे मंत्र्याने जाहीर करावे. ३१ ऑगस्ट रोजी सहा विरुद्ध एक मताने न्यायालयाने मंत्र्याची घोषणा रद्द केली. पंतप्रधान चिडल्या आणि त्यांनी फ्रेंच यांच्या जुन्या निकालांची आठवण काढली. आठवण योग्य होती, निष्कर्ष नव्हता. टाम्पाच्या वेळी सरकारला झुकते माप देणारे फ्रेंच दहा वर्षांनी सरकारच्या विरोधात गेले, कारण या वेळी संसदेने अट लिहिली होती आणि मंत्र्याने ती पाळली नव्हती. पुढच्याच वर्षी संसदेने ती अट काढून टाकली.

दुसरा आक्षेप विलंबाचा आहे, आणि तो व्यवहारी माणसाचा आहे. न्यायालयात गेलेल्यांपैकी बहुतेक हरतात, हे खरे. अनेकांना फक्त काही वर्षे मिळवायची असतात, हेही खरे. जो खरोखर निर्वासित आहे त्याचाही तोटा होतो, कारण त्याची फाईल इतरांच्या ढिगाखाली अडकते. पण ढीग कशाने वाढला हे पाहावे. १९९४ च्या कातरणीने खटले वर ढकलले. २०१४ मध्ये टोनी ॲबट यांच्या सरकारने आधी होडीने आलेल्या सुमारे तीस हजार लोकांसाठी ‘जलद मार्ग’ काढला: खात्याचा नकार आला की नव्याने सुनावणी नाही, नवी संस्था बहुतेक प्रकरणे फक्त कागद पाहून तपासणार. जिथे माणसाला समोर बसवून ऐकले जात नाही तिथे चुका राहतात, आणि राहिलेली चूक शोधायला न्यायालयच उरते. जलद मार्गावरची माणसे वर्षानुवर्षे न्यायालयांच्या यादीत अडकून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे न्यायाधिकरण आले तेव्हा ती संस्था गुंडाळली गेली. विलंब कमी करायचा तर पहिला निर्णय चांगला करावा लागतो. ते महागात पडते आणि निवडणुकीच्या सभेत सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो निर्वासितांच्या बाजूने येतो. या सगळ्या पुनर्विलोकनाचा उपयोग काय? खटला जिंकला तरी हाती येते ती फेरसुनावणी. तेच न्यायाधिकरण, कारणे जरा काळजीपूर्वक लिहून, पुन्हा नाही म्हणू शकते. २०१८ पासून न्यायालयाने आणखी एक पायरी घातली आहे: चूक झाली एवढे पुरत नाही, ती झाली नसती तर निकाल वेगळा लागू शकला असता हेही दिसावे लागते. याच न्यायालयाने २००४ मध्ये, चार विरुद्ध तीन, असा कौल दिला की ज्याला कोणताच देश घेत नाही त्या राष्ट्रहीन माणसाला अनिश्चित काळ कोठडीत ठेवता येते. आणि एस १५७ नंतर सरकारने कायद्याची भाषा बाजूला ठेवून नकाशा हातात घेतला. २०१३ मध्ये होडीने येणाऱ्यांपुरती देशाची सगळी मुख्य भूमीच ‘स्थलांतर क्षेत्रा’तून वगळली गेली, म्हणजे ऑस्ट्रेलियात पोहोचलेला माणूस कायद्याच्या लेखी पोहोचलाच नाही. २०१४ च्या जूनमध्ये पुदुच्चेरीहून निघालेली १५७ तमिळांची होडी ख्रिसमस बेटाजवळ अडवली गेली. त्यांना जहाजावर सुमारे चार आठवडे कोंडून भारताकडे नेले, भारताशी काही ठरलेले नसताना. जानेवारी २०१५ मध्ये हाय कोर्टाने, पुन्हा चार विरुद्ध तीन, ही कोठडी कायदेशीर ठरवली. २०१६ मध्ये आश्रयार्थींना नाउरू या बेटदेशात नेऊन ठेवण्याची व्यवस्थाही वैध ठरली. नाउरूच्या सर्वोच्च न्यायालयातून ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टात अपील करण्याची १९७६ पासूनची सोय होती. नाउरूने २०१८ मध्ये तीही संपवली.

हे सगळे मान्य केले तरी त्यातून पुनर्विलोकन निरुपयोगी ठरत नाही. ते कुठे संपते हे ठरते. ही तपासणी निर्णयाची असते. निर्णयच होऊ दिला नाही, अर्ज लिहायला कागदच दिला नाही, तर तपासायला काही उरत नाही, आणि समुद्रात नेमके हेच केले जाते. पण ज्या सरकारला ४७४ व्या कलमावर भरवसा असता त्याने एवढा समुद्र पालथा घातला नसता. आणि फेरसुनावणी ही अगदीच क्षुल्लक गोष्ट नाही: ज्या खलाशाला कोणत्या मुद्द्यावर आपण हरलो हे निकालपत्रातून कळले, त्याला तो मुद्दा समोरासमोर विचारला जाणे यात सगळा फरक असू शकतो. २००४ चा तो कौलही टिकला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनझेडवायक्यू या क्रमांकाच्या, म्यानमारमधून आलेल्या राष्ट्रहीन रोहिंग्याच्या खटल्यात हाय कोर्टाने तो एकमताने मोडला. हा माणूस गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगलेला होता, सहानुभूती वाटावी असा अजिबात नव्हता. शंभराहून अधिक लोक सुटले. सरकारने काही दिवसांतच त्यांच्या पायात इलेक्ट्रॉनिक कडी घालण्याचा आणि रात्रीच्या संचारबंदीचा कायदा केला, आणि ती तरतूद नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

४७४ वे कलम कुणी काढलेले नाही. संरक्षण व्हिसा नाकारला गेलेला माणूस आजही स्थलांतर कायदा उघडतो तेव्हा त्यात वाचतो की हा निर्णय अंतिम आणि निर्णायक आहे आणि त्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. त्यानंतरच्या काही कलमांत, त्याच कायद्यात, आव्हान देण्याची मुदत दिलेली आहे: ३५ दिवस.